हशा कोणाचा? मराठी हायस्कुलातील विनोद आणि विद्यार्थिजीवन (१८८०–१९७५): एक आढावा

१. प्रश्नाची व्याप्ती

महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा इतिहास आजवर प्रामुख्याने संस्था, संस्थापक, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. वर्गात बसलेली मुले एकमेकांशी कशी वागत, कशावर हसत, कोणाची खोडी काढीत आणि त्या हसण्यातून त्यांच्या आपसांतील नात्यांना कोणता आकार येई, हा विषय आत्मचरित्रांनी आणि विनोदी लेखनाने भरभरून हाताळला; अभ्यासकांनी मात्र त्याकडे उशिरा लक्ष दिले. गेल्या काही दशकांत दलित आत्मकथनांचा अभ्यास, स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाचे नवे वाचन आणि बालपणाचा समाजशास्त्रीय विचार या तीन वाटांनी हा प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे.

प्रस्तुत आढाव्याचा काळ साधारणपणे १८८० ते १९७५ असा धरला आहे. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये सुरू झाले आणि सरकारी व मिशनरी शाळांच्या जोडीला खासगी देशी हायस्कुलांचा विस्तार होऊ लागला, ही या काळाची एक सीमा. १९७५ च्या सुमारास शालान्त परीक्षा अकरावीवरून दहावीवर आली आणि जुन्या हायस्कुलाचा साचा मोडला, ही दुसरी. ‘विनोद’ हा शब्द येथे व्यापक अर्थाने वापरला असून त्यात टोपणनावे, नकला, विडंबने, खोड्या, सांकेतिक भाषा, संमेलनातील चिमटे आणि शिक्षकांनी केलेली थट्टा या सर्वांचा समावेश होतो.

२. पार्श्वभूमी: हायस्कूल नावाचे नवे जग

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली, त्यानंतर लवकरच मॅट्रिक्युलेशन म्हणजे प्रवेश परीक्षा सुरू झाली आणि पुढे जवळजवळ शतकभर हायस्कुलाचे सगळे आयुष्य या एका परीक्षेच्या रोखाने चालले. मराठी चौथी झाल्यावर मुलगा ‘इंग्रजी पहिली’त जाई आणि सातवी इंग्रजी म्हणजेच मॅट्रिक, अशी इयत्तांची मोजणी होती. वरच्या वर्गांत अनेक विषय इंग्रजीतून शिकवले जात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात मातृभाषेला माध्यम म्हणून हळूहळू जागा मिळत गेली. घरी एक भाषा, वर्गात दुसरी आणि संस्कृतच्या तासाला तिसरी अशा परिस्थितीत भाषांची सरमिसळ, म्हणींचे शब्दशः इंग्रजी भाषांतर आणि घोकलेल्या शब्दरूपांचे वेडेवाकडे उपयोग हे विद्यार्थ्यांच्या विनोदाचे आयते साहित्य ठरले. भाषांतराच्या सरावासाठी छापलेली, एकमेकांशी काहीही संबंध नसलेली वाक्ये ओळीने वाचली की आपोआप हशा पिकत असे.

हायस्कूल हे संख्येने लहान आणि रचनेने अरुंद असे जग होते. १८८२ च्या हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी दिलेल्या निवेदनात सरकारी शिक्षणाचा लाभ प्रामुख्याने ब्राह्मण आणि वरच्या वर्गांना होतो, ही तक्रार ठळकपणे मांडली होती. पुढच्या काळात हे चित्र सावकाश बदलले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्यात १९२४ पासून सर्व जातींची मुले एकत्र राहतील, जेवतील आणि श्रम करतील असे वसतिगृह चालवले. मुलींसाठी पुण्यात १८८४ मध्ये सुरू झालेली हुजूरपागेची शाळा आणि महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्था ही या विस्ताराची आणखी एक बाजू होय. स्वातंत्र्यानंतर तालुक्यातालुक्यात हायस्कुले निघाली आणि शेतकरी, बलुतेदार व दलित कुटुंबांतील मुलांची पहिली पिढी मोठ्या संख्येने बाकांवर येऊन बसली. विनोदाविषयीच्या मतभेदांचे मूळ पुष्कळसे या बदलत्या पटसंख्येत आहे.

३. विनोदाचे प्रकार आणि त्यांची ठिकाणे

सर्वांत टिकाऊ प्रकार टोपणनावांचा. शिक्षकांची टोपणनावे त्यांच्या लकबीवरून, पोशाखावरून, तोंडी बसलेल्या शब्दावरून किंवा शिकवण्याच्या विषयावरून पडत आणि ती एका तुकडीकडून दुसरीकडे वारशाने जात. त्यामुळे एखादा शिक्षक निवृत्त होईपर्यंत शाळेत त्याचे खरे नाव नव्या मुलांना ठाऊकही नसे. सोबत्यांची नावे अधिक मोकळेपणाने मोडली जात. आडनावाला किंवा नावाला ‘या’ लावून केलेले लघुरूप, शरीराच्या ठेवणीवरून आलेले नाव आणि एखाद्या फजितीची आठवण जागी ठेवणारे नाव, असे त्याचे ढोबळ वर्ग पडतात. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीत, आणीबाणीच्या काळातील नववीच्या वर्गाचे चित्रण करताना, सुऱ्या, चित्र्या, फावड्या या नावांनीच मुलांचा कंपू उभा राहतो, यावरून या प्रथेचे बळ लक्षात येते.

दुसरा प्रकार सांकेतिक भाषेचा. ‘च’च्या भाषेत शब्दाचे पहिले अक्षर शेवटी नेऊन त्याच्या जागी ‘च’ ठेवतात, म्हणजे ‘मला’चे ‘चलाम’ होते. सरावाने ही भाषा इतक्या वेगाने बोलली जाई की मोठ्यांना त्यातले अवाक्षर कळू नये. तिच्यात प्रत्येक वाक्य विनोदी असे असे नाही. पण ज्याला ती येते तो आतला आणि ज्याला येत नाही तो बाहेरचा, ही विभागणी ती क्षणात करीत असे.

तिसरा प्रकार विडंबनाचा. पाठ्यपुस्तकातील कविता, आरत्या, मंगलाष्टके आणि परिपाठाच्या वेळची प्रार्थना यांच्या चाली पाठ असल्यामुळे त्यांवर नवे शब्द बसवणे सोपे होते. प्रौढ साहित्यात आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’मधून विडंबनाला प्रतिष्ठा दिली, आणि अत्रे स्वतः पुण्यात हायस्कुलाचे शिक्षक व मुख्याध्यापक होते, हा योगायोग अभ्यासकांना सूचक वाटतो. मात्र विद्यार्थ्यांच्या विडंबनांनी अत्र्यांना साहित्य पुरवले की अत्र्यांच्या विडंबनांनी विद्यार्थ्यांना वाट दाखवली, हे ठरवणे कठीण आहे. देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झाली असावी.

चौथा प्रकार वार्षिक स्नेहसंमेलनाशी म्हणजे ‘गॅदरिंग’शी जोडलेला आहे. त्यातील ‘शेलापागोटे’ किंवा ‘फिशपाँड’ ही प्रथा जवळून पाहण्याजोगी आहे. संमेलनाच्या आधी काही दिवस शाळेत एक पेटी ठेवली जाई. विद्यार्थी तिच्यात निनावी चिठ्ठ्या टाकीत आणि प्रत्येक चिठ्ठीत एखाद्या विद्यार्थ्याला किंवा शिक्षकाला उद्देशून एखादी ओळ, गाण्याचा चरण किंवा म्हण लिहिलेली असे. शिक्षकांची किंवा वरच्या वर्गातील प्रतिनिधींची समिती चिठ्ठ्या चाळून अश्लील वा फार बोचऱ्या वाटतील त्या बाजूला काढी, उरलेल्या व्यासपीठावरून वाचल्या जात, आणि काही ठिकाणी चिमट्याला साजेशी वस्तूही भेट दिली जाई. ज्याच्यावर चिमटा असे त्याने तो हसून स्वीकारावा असा संकेत होता. या प्रथेत निनावीपणा, पूर्वतपासणी आणि सार्वजनिक वाचन या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून पुढे येणाऱ्या तिन्ही भूमिकांना ती आपापल्या बाजूचा पुरावा वाटते.

याखेरीज हस्तलिखित मासिके, भित्तिपत्रके, नाट्यछटा आणि भेंड्या यांचाही उल्लेख आवश्यक आहे. पुण्यात शिक्षकी करणाऱ्या ‘दिवाकरां’नी १९११ च्या सुमारास रुजवलेली नाट्यछटा म्हणजे एकाच पात्राच्या बोलण्यातून उभा राहणारा छोटा प्रसंग, तिच्यातील उपरोधामुळे ती शालेय स्पर्धांत लवकरच रूढ झाली. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक आणि छात्रालयाचे प्रमुख असताना ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवीत. श्यामच्या करुणरसासाठी ओळखल्या जाणाऱ्या या शिक्षकाने वसतिगृहातील दैनंदिन घडामोडींना असे लेखी व्यासपीठ द्यावे, ही गोष्ट शाळेच्या सामाजिक जीवनात लेखनाला किती महत्त्व होते ते दाखवते.

विनोदाची ठिकाणेही ठरलेली होती: शेवटचा बाक, मधली सुट्टी, शिक्षक गैरहजर असल्याने मोकळा मिळालेला ‘ऑफ’ तास, शाळेला जाता-येतानाचा रस्ता, आणि वसतिगृहाची रात्र. शाळातपासनिसाची भेट हा याला अपवाद. त्या दिवशी वर्ग शिस्तीत असे; विनोद नंतर, आठवणीत घडे, कारण एरवी वचक असलेले मास्तर त्या दिवशी स्वतःच घाबरलेले मुलांना दिसत.

४. साधने आणि त्यांच्या मर्यादा

या विषयाची साधने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार विनोदी व ललित लेखनाचा: पु. ल. देशपांडे यांचे ‘चितळे मास्तर’ हे व्यक्तिचित्र आणि ‘बिगरी ते मॅट्रिक’ हा लेख, द. मा. मिरासदारांच्या शाळकरी मुलांच्या कथा, ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’. दुसरा प्रकार आत्मचरित्रांचा. त्यात अत्र्यांच्या ‘कऱ्हेचे पाणी’पासून आनंद यादवांच्या ‘झोंबी’पर्यंत (१९८७) आणि दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) उर्मिला पवारांच्या ‘आयदान’पर्यंत (२००३) मोठा पल्ला येतो. तिसरा प्रकार शाळांच्या स्वतःच्या कागदपत्रांचा: वार्षिक अंक, संमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका, हस्तलिखिते, शिक्षेच्या नोंदी आणि तपासणीचे शेरे.

पहिल्या दोन प्रकारांत एक समान अडचण आहे. लेखक तीस-चाळीस वर्षांनी मागे वळून पाहतो, त्यामुळे छडीची वेदना ओसरलेली असते आणि तिची गोष्ट रंगलेली असते. शिवाय लिहिणारा बहुधा शाळेत टिकलेला, मॅट्रिक झालेला आणि पुढे भाषेवर जगलेला माणूस असतो. तिसरी-चौथी इंग्रजीत नाव काढून घेतलेल्या मुलाची बाजू कागदावर येत नाही. विनोदी लेखकांपैकी बरेच जण स्वतः शिक्षक होते, हीदेखील लक्षात ठेवण्याजोगी बाब आहे, कारण त्यांच्या लेखनात वर्ग एकाच वेळी बाकावरून आणि टेबलामागून पाहिला जातो. तिसऱ्या प्रकारची साधने समकालीन असली तरी ती मोठ्यांच्या नजरेखालून गेलेली असतात. वार्षिक अंकात छापलेला विनोद हा संपादक-शिक्षकाने मान्य केलेला विनोद असतो.

५. पहिली भूमिका: विनोद म्हणजे जिव्हाळ्याचे बंधन

या विषयावरील सर्वांत रूढ भूमिका अशी की जुन्या शाळेतील थट्टामस्करी हे शिक्षक-विद्यार्थी आणि मित्र-मित्र यांच्यातील आपुलकीचे लक्षण होते. या भूमिकेनुसार मास्तर रागावत, प्रसंगी पट्टीने मारीत, मुलांना विचित्र नावांनी हाक मारीत. पण त्या सगळ्याच्या मुळाशी मुलगा पुढे जावा ही कळकळ असे आणि मुलांनाही ती कळत असे. ‘चितळे मास्तर’ हे या दृष्टीचे सर्वांत प्रभावी साहित्यिक रूप आहे.

या भूमिकेला मानवशास्त्रातून आधार मिळतो. रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये ‘थट्टेचे नाते’ ही संकल्पना मांडली: काही नात्यांत एकाने दुसऱ्याची चेष्टा करण्याची समाजाची परवानगी असते आणि दुसऱ्याने ती मनावर न घेण्याची अपेक्षा असते, अशा परवानगीमुळे ज्या नात्यात तणाव संभवतो ते नाते टिकून राहते. मराठी समाजात दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी यांच्यातील थट्टेने हा अनुभव परिचयाचा आहे. एकाच बाकावर सात वर्षे काढणाऱ्या मुलांचे नातेही याच जातीचे होते, असे ही भूमिका मानते आणि शाळा सोडून अर्धशतक लोटल्यावरही माजी विद्यार्थी एकमेकांना जुन्या टोपणनावानेच हाक मारतात, याकडे लक्ष वेधते.

या भूमिकेचे बळ असे की ती सहभागी झालेल्यांच्या स्वतःच्या अर्थाला मान देते. तिच्यावरचा मुख्य आक्षेप असा की थट्टेच्या नात्यात परतफेडीची मुभा गृहीत असते. मास्तरांनी मुलाला वर्गासमोर नाव ठेवले तर मुलाला उघड परतफेड करता येत नाही, आणि सोबत्यांतही सर्वांना ती सारखी शक्य नसते.

६. दुसरी भूमिका: विनोद म्हणजे प्रतिकार

दुसरी भूमिका परतफेडीच्या या प्रश्नापासून सुरू होते. उघड बोलता येत नाही म्हणूनच नक्कल, टोपणनाव आणि विडंबन जन्माला येते, असे ती मानते. न. चिं. केळकरांनी ‘सुभाषित आणि विनोद’ (१९०८) आणि पुढे ‘हास्यविनोदमीमांसा’ (१९३७) या ग्रंथांतून मराठीत हास्याची तात्त्विक चर्चा रुजवली होती; फ्रॉइड यांनी १९०५ मध्ये विनोदाचा संबंध दडपलेल्या भावनेच्या सुटकेशी जोडला होता. समाजशास्त्रात या विचाराला नेमके रूप पॉल विलिस यांच्या १९७७ च्या अभ्यासाने मिळाले. इंग्लंडमधील कामगारवस्तीतल्या शाळकरी मुलांच्या या अभ्यासात विलिस यांनी दाखवले की वर्गात हशा पिकवणे हा त्या मुलांचा शाळेच्या मूल्यांना नकार देण्याचा मार्ग होता, पण त्याच नकाराने त्यांना शेवटी कारखान्याच्या कामाकडे ढकलले.

मराठी हायस्कुलाला हा विचार लावताना अभ्यासक दोन संदर्भ पुढे ठेवतात. पहिला शिक्षकाच्या स्थानाचा. कृष्ण कुमार यांनी वसाहतकालीन शिक्षणाच्या विवेचनात शिक्षकाचे वर्णन वर्गात हुकूमशहा आणि खात्यापुढे नम्र सेवक अशा दुहेरी रूपात केले आहे. तपासनिसाच्या भेटीत मुलांना जी विसंगती दिसे ती हीच, आणि नकलेचा सर्वांत चांगला मसाला तिच्यातून मिळे. दुसरा संदर्भ राजकारणाचा. विद्यार्थ्यांनी राजकीय चळवळीत भाग घेऊ नये असा दंडक रिस्ले परिपत्रकाने १९०७ मध्ये घातला. सार्वजनिक गणेशोत्सवातील मेळ्यांत शाळकरी मुले उपरोधिक पदे गात. १९४२ मध्ये मुलांनी वर्गांवर बहिष्कार टाकले. अशा वातावरणात शाळेच्या सत्तेची टिंगल आणि सरकारी सत्तेची टिंगल यांच्या सीमा पुसट होत.

या भूमिकेवर दोन आक्षेप आहेत. एक असा की तिने प्रत्येक खोडीत बंड पाहू नये. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे बरेचसे हसणे केवळ कंटाळ्यातून किंवा विसंगतीच्या आनंदातून येते. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. विलिस यांच्या मुलांना शाळेने काही मिळेल अशी आशा नव्हती; मॅट्रिकची आस धरून बसलेल्या मराठी मुलाला मात्र ती पुरेपूर होती. जो मुलगा मास्तरांची नक्कल करी तोच रात्री कंदिलाच्या उजेडात व्याकरण घोकी, आणि म्हणून या विनोदाने व्यवस्था हलवली नाही, फार तर ती सुसह्य केली, असे या आक्षेपाचे म्हणणे आहे.

७. तिसरी भूमिका: विनोद म्हणजे वेगळे पाडण्याचे साधन

तिसरी भूमिका १९७८ नंतर, दलित आणि ग्रामीण आत्मकथनांच्या प्रकाशनामुळे पुढे आली. हसण्यामुळे ‘आम्ही’ एकत्र येतो हे खरे, पण त्याच क्षणी ‘ते’ कोण हेही ठरते, असा तिचा सिद्धान्त आहे. मायकेल बिलिग यांनी २००५ मध्ये उपहासाला सामाजिक शिस्तीच्या केंद्रस्थानी ठेवले: माणूस रूढ नियम पाळतो याचे एक मोठे कारण म्हणजे आपले हसे होईल ही भीती.

शाळेतील सामाजिक जीवनाचा कणा असलेला जेवणाचा डबा येथे महत्त्वाचा ठरतो. धनंजय कीर यांच्या चरित्रात नोंदलेला, मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातील प्रसंग प्रसिद्ध आहे: विद्यार्थी असलेल्या आंबेडकरांना शिक्षकांनी फळ्याकडे बोलावताच, फळ्यामागे ठेवलेले आपापले डबे काढून घेण्यासाठी सवर्ण मुलांची एकच धावपळ उडाली. डबे वाटून खाण्याची मौज ज्या आठवणींत येते आणि डबे हलवण्याची धांदल ज्या आठवणीत येते, त्या दोन्ही एकाच मधल्या सुट्टीच्या दोन बाजू आहेत, असे ही भूमिका सांगते. ‘आयदान’मध्ये मैत्रिणींच्या संगतीतही जातीचा उल्लेख कसा अपमान होऊन समोर येतो याचे प्रसंग आहेत, शैलजा पैक यांनी दलित स्त्रियांच्या शिक्षणावरील २०१४ च्या ग्रंथात पुण्या-मुंबईतील स्त्रियांच्या मुलाखतींच्या आधारे वर्गातील अशा अवमानाची दुहेरी, म्हणजे जातीची आणि लिंगभावाची, घडण तपासली आहे.

‘झोंबी’तील एक प्रसंग या वादात विशेष उपयोगी पडतो. वडिलांचा विरोध मोडून शेतातून पुन्हा शाळेत आलेला मुलगा पहिल्याच दिवशी आपल्या गावठी पोशाखामुळे वर्गात उठून दिसतो. एक खोडकर मुलगा त्याच्या डोक्याचे फडके ओढून स्वतःच्या डोक्याला गुंडाळतो, मास्तरांची हुबेहूब नक्कल करतो आणि ते फडके टेबलावर टाकतो, तोच खरे मास्तर येतात. एकाच कृतीत येथे मास्तरांच्या सत्तेची टिंगल आहे आणि गरीब सोबत्याची मानहानीही आहे. वर्ग ज्या गोष्टीला हसला ती नक्कल होती की ते फडके, हे वेगळे काढता येत नाही. त्याच पुस्तकात पुढे हाच मुलगा कविता रंगवून शिकवणाऱ्या मराठीच्या मास्तरांची लकब उचलून शेतात एकट्याने कविता म्हणतो, तेव्हा नक्कल ही भक्तीची आणि शिकण्याची रीत होते.

या भूमिकेवर असा आक्षेप घेतला जातो की तिच्यामुळे विनोदाचा सर्व इतिहास अपमानाच्या इतिहासात विरघळून जाईल. शिवाय दलित आणि ग्रामीण आत्मकथनांतही बोचरा, स्वतःवर आणि इतरांवर उलटणारा विनोद आहेच. साताऱ्याच्या मिश्र वसतिगृहांसारख्या ठिकाणी एकत्र श्रम आणि एकत्र जेवण यांतून वेगळ्या प्रकारची थट्टा वाढली असणे संभवते. म्हणजे वगळणारा विनोद हा हायस्कुलाचा धर्म होता की विशिष्ट रचनेच्या हायस्कुलाचा, हा प्रश्न उरतो.

८. मुलींच्या शाळा: एक वेगळा प्रश्न

मुलींच्या बाबतीत चर्चेची सुरुवातच निराळी आहे, कारण त्या विनोद करणाऱ्या म्हणून पुढे येण्याआधी विनोदाचा विषय झाल्या. हुजूरपागेच्या अभ्यासक्रमावर वृत्तपत्रांत वाद चालू असतानाच नारायण बापूजी कानिटकर यांची ‘तरुणीशिक्षणनाटिका’ (१८८६) रंगभूमीवर शिकलेल्या स्त्रीची खिल्ली उडवत होती. शाळेत जाणाऱ्या मुलीला रस्त्यावरच्या शेरेबाजीला तोंड द्यावे लागे. सहशिक्षणाच्या काही शाळांत मुली शिक्षकांच्या पाठोपाठ वर्गात येत आणि पुढच्या बाकांवर बसत, त्यामुळे हशा त्यांच्या पाठीमागे पिके आणि त्यांनी मागे वळून पाहणेही गैर मानले जाई.

मुलींच्या स्वतःच्या विनोदाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार घरातील आणि शाळेतील दुहेरी देखरेखीमुळे त्याला फारसा वाव नव्हता. दुसऱ्या मतानुसार तो भरपूर होता, पण उखाणे, कोडी, भोंडल्याची गाणी, ‘च’ची भाषा आणि वसतिगृहातील नकला अशा, मोठ्यांच्या दृष्टीने निरुपद्रवी असलेल्या प्रकारांत वाहत राहिला आणि म्हणून आत्मचरित्रकारांनी तो ‘विनोद’ म्हणून नोंदवला नाही. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते; मात्र ते सिद्ध करण्यासाठी लागणारा लेखी पुरावा पहिल्या मताच्या बाजूने दिसणाऱ्या शांततेइतकाच तुटपुंजा आहे.

९. सातत्य आणि बदल

हा विनोद लोप पावला का, याबाबतही एकमत नाही. ओपी दांपत्याने ब्रिटनमधील सुमारे पाच हजार मुलांकडून माहिती गोळा करून १९५९ मध्ये दाखवले की मुलांची गाणी, चिडवण्या आणि टोपणनावांच्या रीती मोठ्यांच्या मदतीशिवाय मुलांकडून मुलांकडे जातात आणि आश्चर्यकारक चिकाटीने टिकतात. मराठीतही भेंड्या, सांकेतिक भाषा आणि फिशपाँड दीर्घकाळ टिकले, यावरून सातत्याचा पक्ष मांडला जातो.

बदलाचा पक्ष रचनेकडे बोट दाखवतो. मॅट्रिकच्या एकाच परीक्षेसाठी एकाच शाळेत सात वर्षे काढणारी तुकडी, गावाला नावानिशी माहीत असलेले मास्तर आणि शिक्षा करण्याचा त्यांचा निर्विवाद अधिकार, या तिन्ही गोष्टी राहिल्या नाहीत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळही निषिद्ध केला. त्याआधी महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला होता. वर्गासमोर नाव ठेवणे, कोंबडा करणे, अंगठे धरायला लावणे या गोष्टी पूर्वी गमतीच्या सदरात मोडत. आज त्या तक्रारीचा विषय होऊ शकतात. याचा अर्थ पूर्वीची मुले अधिक सोशिक होती असा काही जण लावतात, तर पूर्वी त्यांना तक्रारीची जागाच नव्हती असा इतर लावतात.

१०. अनिर्णित प्रश्न

वरील तिन्ही भूमिका परस्परांना पूर्णतः छेद देत नाहीत. एकाच शेलापागोट्याने एका मुलाला आपलेपणा, दुसऱ्याला मास्तरांवर सूड उगवल्याचे समाधान आणि तिसऱ्याला आयुष्यभर सलणारे नाव दिले असणे शक्य आहे. म्हणून ‘जुन्या शाळेतील विनोद निर्मळ होता का’ हा प्रश्न तसाच विचारून पुढे जाता येत नाही. प्रत्येक प्रसंगात बोलणारा कोण, लक्ष्य कोण, ऐकणारे कोण आणि उत्तर देण्याची मुभा कोणाला, हे चार तपशील कळले तरच त्याचे वर्गीकरण करता येते, आणि उपलब्ध आठवणींत बहुधा पहिला व तिसरा तपशील मिळतो, दुसरा क्वचित मिळतो, चौथा जवळजवळ कधीच मिळत नाही.

तीन प्रश्न विशेषतः खुले आहेत. पहिला तुलनेचा: पुण्या-मुंबईतील हायस्कुले, तालुक्याची हायस्कुले आणि वसतिगृहे यांतील विनोदात खरोखर फरक होता का, हे पाहण्यासाठी वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांची एकाच काळातील साधने शेजारी ठेवावी लागतील; आजचे लेखन बहुतांशी पुण्याच्या अनुभवावर उभे आहे. दुसरा प्रश्न शाळा मध्येच सोडलेल्यांचा: उपहास हे त्यामागील कारणांपैकी एक होते का, आणि दारिद्र्य, अंतर, शेतीचे काम या कारणांच्या तुलनेत त्याचे वजन किती होते, हे आत्मचरित्रांतून कळणार नाही, कारण ती टिकलेल्यांची आहेत. तिसरा प्रश्न शिक्षकांचा: त्यांची थट्टा मुलांच्या आठवणीत आहे, पण आपल्या टोपणनावाविषयी, संमेलनातल्या चिमट्यांविषयी त्यांना काय वाटे, याचा शोध शिक्षक-लेखकांच्या लेखनापलीकडे फारसा घेतला गेलेला नाही.

या प्रश्नांसाठी लागणारी सामग्री अजून पूर्ण नष्ट झालेली नाही. शाळांच्या कपाटांत हस्तलिखित अंक, संमेलनांच्या कार्यक्रमपत्रिका, हजेरीपुस्तके आणि तपासणीचे शेरे पडून आहेत, आणि १९५० ते १९७५ या काळात शालान्त परीक्षेला बसलेली किंवा त्याआधीच शाळा सोडलेली पिढी मुलाखतींसाठी उपलब्ध आहे. हजेरीपुस्तकातील गळालेली नावे आणि हस्तलिखितातील विनोद एकत्र वाचण्याचे काम कोणत्याही एका भूमिकेच्या बाजूने निर्णय देईलच असे नाही. पण प्रसंगी हसणाऱ्यांबरोबर ज्यांच्यावर हसले गेले त्यांचाही पुरावा त्यातून प्रथमच शेजारी येईल, आणि वाद आठवणींच्या सुरावरून साधनांच्या पातळीवर येईल.